हात राखून

हसले. एकजात सगळे हसले. मारुतीच्या पारावर लोडाला टेकून बसलेली पेठेतली बडी माणसं हसली, पलीकडे घोळक्यानं उभे असलेले गाडीवाले हसले, आणि ज्या पोरांची मनगटं धरून तिच्या नवऱ्यानं पट्टा कसा पेलायचा ते शिकवलं, ती तालमीतली पोरंसुद्धा तोंडावर पंचा दाबून हसली, हे काही केल्या प्रयागबाईच्या डोक्यातून जाईना. हनुमान जयंतीचा दिवस. महाडची निम्मी पेठ तालमीपुढं लोटलेली. ती बायकांच्या घोळक्यात डोईवरचा पदर सावरत उभी होती, आणि मुंबईचा तो डॉक्टर वागळे आपला तक्ता वाचून दाखवता दाखवता, चष्मा पुसत, अगदी सहज बोलून गेला, ‘वस्तादांचा पट्टा आणि बाईमाणसाचं कांडण, शरीराच्या हिशेबानं दोन्ही जवळजवळ सारखीच मेहनत. कांडण किंचित वरच म्हणा ना.’ झालं! मागून कुणीतरी ओरडलं, ‘वस्ताद, उद्यापासून मुसळ घ्या हातात!’ आणि मग जो हशा उठला तो गांधारी नदीच्या पार ऐकू गेला असेल. महिपती वस्ताद, तिचा नवरा, पारासमोर उभा होता तो तसाच उभा राहिला. त्याची मान ताठच होती, फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या पाळ्या बघून तिला वाटलं, असंच पुढं व्हावं आणि त्या डॉक्टरचा चष्मा ओढून काढावा.

हा वागळे डॉक्टर बोटीनं दासगावला उतरून महाडला आला, तेव्हापासून पेठेत त्याच्या पेट्यांचीच चर्चा होती. लाठी, मल्लखांब, कुस्ती, दांडपट्टा, असल्या आपल्या मेहनतींत माणसाच्या अंगातलं किती जळतं ते मोजत तो गावोगाव फिरत होता. म्हणे माणूस मेहनत करतो तेव्हा पोटातलं अन्न चुलीतल्या लाकडासारखं जळतं, आणि किती जळलं ते त्यानं बाहेर टाकलेल्या श्वासावरून काढता येतं. ‘उष्मांक’ असं तो त्याला म्हणायचा. पेठेनं लगेच त्याचं ‘जळण’ करून टाकलं. तर हे जळण मोजायला एक भलीमोठी रबरी पिशवी, पाणक्याच्या पखालीसारखी पाठीवर बांधायची. तिची नळी दातांत धरायची, नाकाला चिमटा लावायचा आणि मेहनत करायची. सगळा श्वास पिशवीत. मग डॉक्टर ती पिशवी सोडवून नेणार, काचेच्या नळ्यांत कसलंसं पाणी वरखाली करत बसणार आणि आकडा सांगणार. माणसाचा श्वास असा बांधून न्यायचा आणि वर त्यालाच सांगायचं की बाबा, तुझी मेहनत अमुक भाकरींची! जयंतीच्या आठवडाभर आधी महिपतीनं मात्र मोठ्या मनानं ती पिशवी बांधून घेतली होती. पाहुणा आहे, शिकलेला आहे, आपली विद्या मुंबईत चार लोकांना कळेल, असं त्याला वाटलं. नाकाला चिमटा लावलेल्या त्या सोंगात तो रिंगणात उतरला आणि पट्टा खेळला. ते कुणी ध्यानात ठेवलं नाही. ध्यानात राहिलं ते काय, तर मुसळ.

घरी आल्या आल्या महिपतीनं फेटा काढला आणि खुंटीला लावायचा सोडून जमिनीवर टाकला. ‘राखलेला हात मोजला त्यानं, राखलेला!’ तो ओरडला. ‘पाव्हणा रिंगणात उभा असताना मी काय पुरा हात सोडणार हाय?’ तालमीची रीतच होती ती. परका पाहुणा समोर असला की वस्तादानं हात राखूनच खेळायचं. पट्ट्याचा वारासुद्धा पाहुण्याच्या अंगाला लागता कामा नये. महिपतीला ती त्याच्या वस्तादानं शिकवली, त्यानं पोरांना शिकवली. घरच्यांपुढं पुरा जोर, पाहुण्यापुढं अदब. आता मुंबईच्या डॉक्टरला ही अदब कुठून ठाऊक असणार? तो बसला अदबीचं जळण मोजत! ‘व्हय तर,’ प्रयागबाई म्हणाली, ‘त्याला काय ठावं!’ तिच्याही अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. कोण कुठली ती दासगावची कांडपीण, जिला ह्या डॉक्टरनं वाटेत नळी लावून बघितलं आणि तक्त्यात माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर नेऊन बसवलं! त्या न पाहिलेल्या बाईला तिनं मनातल्या मनात चांगलं खडसावलं. मग गोठ्यात जाऊन म्हैस पिळली, दूध तापवलं, बदाम वाटून त्यात घातले आणि लोटा नेऊन नवऱ्यापुढं ठेवला, रोजच्यासारखा. त्यानं तो एका दमात संपवला आणि मिशा पुसल्या. म्हशीचं दूध वस्तादाचं, हे त्या घरात कुणी कधी बोलून न दाखवता ठरून गेलेलं होतं. चहात पडेल तेवढं बाकीच्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची चंद्राबाई आपलं मुसळ खांद्यावर टाकून आली. आगोट जवळ आलेली, पावसाळाभर पुरेल एवढा तांदूळ आधीच कांडून ठेवायचा, म्हणून दोघी एकमेकींचं भात मिळून कांडत होत्या. अंगणातल्या उखळात भात ओतलं, दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि मुसळं चालू झाली, एकीचं खाली तेव्हा दुसरीचं वर. आणि प्रत्येक घावाबरोबर दोघींच्या तोंडून तो आवाज, हुं, हुं, जो कुणी मुद्दाम काढत नाही, छातीतून आपसूक निघतो. थोड्या वेळानं चंद्राबाईनं हात थांबवला, कपाळ पुसलं आणि फिसकन हसली. ‘वैनी, म्हंजे आपण रोज पट्टाच खेळतो की गो! आणि आपल्याला ठावंच नाय!’ हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मग आमचा घरधनी मला बदाम कधी वाटून देणार, ते तरी विचार त्या डॉक्टरला!’ गंमतच करत होती ती. भाबडी बाई, कुणाचं वाईट चिंतणारी नव्हे. पण प्रयागबाईला हसू आलं नाही. उचललेलं मुसळ हातातच राहिलं. कालपासून ती ज्या गोष्टीवर जळफळत होती, ती गोष्ट तिनं धड ऐकलीच नव्हती. लोक वस्तादाला हसलेच नव्हते. लोक हसले ते कांडणाला. पट्टा नांगर धरण्याइतका आहे, होडी वल्हवण्याइतका आहे, असं डॉक्टर म्हणाला असता तर कोण हसलं असतं? कुणी नाही. पारावरच्यांनी माना डोलावल्या असत्या. कांडण म्हटल्याबरोबर मात्र दात निघाले. आणि ती बया, म्हणजे ती स्वतः, तळहाताला मुसळाचे घट्टे घेऊन त्याच गर्दीत उभी राहून संतापत होती, की माझ्या नवऱ्याला कांडणाशी तोललं म्हणून! आपलीच बेअब्रू व्हावी आणि आपणच दुसऱ्याची बाजू घेऊन भांडावं, याहून मोठा येडेपणा तो कुठला? ‘वैनी, काय झालं गो?’ चंद्राबाई विचारत होती. ‘काय नाय. कांड,’ ती म्हणाली, आणि घाव असा बसला की भात उखळाबाहेर उडालं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात तिचं माहेर. तिथल्या वाडीत वस्तादाचं घर मिळालं म्हणून केवढं कौतुक झालं होतं! महाडला आल्यावर सासूनं पहिल्या दिवशी दोन गोष्टी दाखवल्या, उखळ आणि म्हैस. एकापुढं घाम गाळायचा आणि दुसरीचं दूध पिळून पुरुषांपुढं ठेवायचं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, कुणालाच वाटत नसे. पण दिवस गेले तेव्हा कांडता कांडता डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. अंगणाच्या मधोमध भिंत तरी कुठली, मुसळालाच धरून ती डोळे मिटून उभी राहायची आणि अंधारी ओसरली की पुन्हा सुरू. एकदा, अगदी एकदाच, दूध तापवताना तिनं सासूला विचारलं, ‘आत्याबाय, घोटभर घेऊ का? जीव घाबरा होतो.’ सासू दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर फार बरं झालं असतं, निदान रागवायला कुणी मिळालं असतं. ती हसली, आणि लेकीला समजवावं तसं म्हणाली, ‘अगो, तुला कुठं पट्टा फिरवायचा हाय?’ आणि प्रयागबाईला ते पटलं! हेच आज आठवून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, की तेव्हा ते तिला पटलं होतं. खरंच की, मला कुठं पट्टा फिरवायचा आहे, मी आपली नुसती कांडते. मग मुलगी झाली. मुठीएवढी. रडायचीसुद्धा नाही धड, नुसती तोंड उघडायची आणि मिटायची. बारशाची तयारी होण्याआधीच सगळं आटोपलं, नाव ठेवायचं राहून गेलं. देवाची इच्छा, असं सगळे म्हणाले. असेल बाबा देवाची. पण गोठ्यात म्हैस होती आणि ती दूध देत होती, ते दूध कुणाच्या पोटात जायचं हेही देवानंच ठरवलं होतं काय? डॉक्टर म्हणतो, कांडण किंचित वर. किंचित वर! म्हणजे उखळापुढं दोन जिवांची बाई जळत होती आणि लोटा दुसरीकडे चालला होता, आणि हे कळायला मुंबईहून रबराची पिशवी यावी लागली. तिला एकाएकी त्या दासगावच्या बाईला बघावंसं वाटायला लागलं. कशी असेल? रुंद मनगटांची, थोराड? तिला कुणी सांगितलं तरी असेल का, की बाई गो, तुझा आकडा पट्ट्याच्या वर आला? कशाला सांगतील! नळी काढून घेतली असेल आणि चालते झाले असतील.

दुपारी महिपती तालमीतून आला तो निराळ्याच तऱ्हेनं. आदल्या दिवशीचा राग कुठं पळाला होता कुणास ठाऊक. पाय धुता धुताच त्यानं सांगायला सुरुवात केली. ‘डॉक्टर अजून हितंच हाय. मी त्याला गाठला. म्हटलं, दासगावची ती बाई पोटासाठी रोजानं कांडणारी, रेड्यासारखी असंल. तिचं माप काय धरताय? घरंदाज बाईचं धरा. तर म्हणाला, बरं, बघू. उद्या येतोय हितंच, अंगणात. तुला नळी लावायची.’

‘मला?’

‘तू हळू कांड. काय? मुसळ नुसतं वर करायचं आणि सोडून द्यायचं, जोर म्हणून लावायचा नाय. तुझं जळण खाली आलं की पट्टा आपसूक वर जातो. चार माणसं साक्षीला घेऊन येतो मी.’

काय डोकं चाललं होतं या माणसाचं! आपण उंच व्हायचं म्हणून शेजारच्याला खड्ड्यात उभं करायचं, आणि वर तो खड्डा त्याच्याकडूनच खणून घ्यायचा! ‘त्यापरीस तुमीच पुन्यांदा पट्टा खेळा की,’ ती म्हणाली. ‘डॉक्टरला लांब उभा करा आणि पुरा हात सोडा. बघू दे त्याला.’

महिपतीची नजर क्षणभर गोठ्याकडे गेली, तिथून कौलांवर, तिथून पायांवर. ‘वस्तादानं पुन्यांदा परीक्षा द्यायची? पोरं काय म्हणतील?’ तो म्हणाला. ‘सांगितलं तेवढं कर. नवऱ्याच्या अब्रूसाठी एवढं करशील का नाय?’

करशील का नाय! ती चुलीपुढं जाऊन बसली. तिला जे माहीत होतं ते त्याला माहीत आहे की नाही, याचा अंदाज तिला इतके दिवस येत नव्हता, आता त्या फिरलेल्या नजरेनं तो आला. पट्ट्याच्या पात्याला एक आवाज असतो. हात राखून खेळला की ते नुसतं घुमतं, पुरा हात सुटला की बारीक शीळ घालतं. उभा संसार तिनं तो आवाज ऐकण्यात काढला होता, तालमीची मागची भिंत तिच्या परसाला लागून. पाहुणे आले की पट्टा घुमायचा, आणि महिपती घरी यायचा तो हसतबोलत, जेवायला काय केलंय ते विचारत. डॉक्टरनं पिशवी बांधली त्या दिवशी मात्र शीळ वाजली होती. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. त्यानं कसलाही हात राखला नव्हता, मुंबईच्या माणसाला दिपवायचं म्हणून होतं नव्हतं तेवढं सगळं काढून ओतलं होतं, आणि घरी आल्यावर सरळ आडवा झाला होता. गुडघा सुजून भोपळा झालेला. तिनंच वाळू गरम करून शेकला. त्या शेकण्यात तिला सगळं कळलं होतं. माणूस थकत चालला होता. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं, उलट माया आली होती. कोण थकत नाही? तेव्हापासून कुणी काही म्हणालं की ‘राखलेला हात होता’ असं तीही म्हणत होती, कालसुद्धा ‘व्हय तर’ म्हणाली होती. पण हे झाकायचं कशानं, तर तिच्या कांडणानं? ती उद्या हळू कांडली की डॉक्टरच्या तक्त्यात कायमचं लिहिलं जाणार, बायकांचं कांडण म्हणजे काही नाही, बसल्या बसल्या होतं. मग पुढं कुठल्याही घरात कुठल्याही पोटुशी बाईनं घोटभर मागितलं की त्यांच्याकडे डॉक्टरचा दाखला तयार. आणि जोरानं कांडली तर पेठेत नवरा तोंड कुठं दाखवणार? भात शिजून खाली लागला तरी ती तिथंच बसून राहिली.

सकाळी ते आले. ओट्यावर घोंगडं अंथरलेलं, त्यावर तालमीचे दोन म्हातारे पंच, त्यांच्या शेजारी सयाजी, महिपतीचा सगळ्यात जुना चेला, आता स्वतःच्या बैलगाड्या असलेला बाप्या. चंद्राबाई भिंतीशी पदर तोंडाला लावून उभी. परक्या बाप्यानं अंगाला हात लावायचा नाही म्हणून पिशवीचे पट्टे महिपतीनंच बांधले, डॉक्टर लांबून सांगत होता. बांधता बांधता तो तिच्या कानाशी पुटपुटला, ‘हळू हां.’ मग नळी दातांत आली. रबराची कडू चव जिभेवर पसरली, नाकाला चिमटा बसला आणि सगळे वास एकदम विझले, भाताचा, गोठ्याचा, डॉक्टरच्या अंगाच्या साबणाचा. तिनं मुसळ उचललं आणि सोडलं. उचललं आणि सोडलं. हातांना ते ठाऊकच नव्हतं. मुसळ भातावर पडून नुसतं घसरत होतं, टरफलसुद्धा सुटत नव्हतं, आणि तिला भलतीच लाज वाटायला लागली, लोकांची नव्हे, त्या भाताची. चंद्राबाई डोळे मोठे करून बघत होती. ‘बघा बघा,’ ओट्यावरचा एक पंच दुसऱ्याला म्हणाला, ‘काय हाय त्यात? पाळणा हलवावा तसं.’ दुसरा म्हणाला, ‘म्हणून तर देवानं बायकांना दिलंय.’ आणि महिपती, तिचा नवरा, ज्याचा गुडघा तिनं शेकला होता, तो हसून मान डोलवत होता.

मुसळ खाली आलं ते उखळ हादरवत आलं. मग दुसरा घाव, मग तिसरा, आणि मग मोजायला कुणी उरलं नाही. छातीतून निघालेला हुं बाहेर येईना, तो नळीतून पिशवीत जात होता, पिशवी पाठीवर फुगत होती आणि ती तिला आणखी भरत होती. घ्या, न्या मोजून. पाळणा म्हणे! पाळणा हलवायला मिळाला कुठं मला? घ्या, हाही घ्या. सगळ्या आगोटींचं भात, दिवाळीचे पोहे, तालमीच्या जेवणावळींचा तांदूळ, तुमच्या लग्नाकार्यांचा, तुमच्या बापांच्या तेराव्याचा, कुणी कांडला तो? घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता. महिपती हातानं खुणा करत होता, हळू, हळू, आधी कमरेशी, मग उघड उघड. ती त्याच्याकडे सरळ बघत होती आणि घाव घालत होती. डॉक्टर ‘पुरे’ म्हणाला. ती थांबली नाही. ‘पुरे, बाई, पुरे,’ असं तो पुन्हा म्हणाला तेव्हा कुठं तिनं मुसळ टेकलं. उखळात तांदूळ पांढरा स्वच्छ निघाला होता.

डॉक्टर ओट्याच्या टोकाला आपल्या काचेच्या नळ्या मांडून बसला. पाणी वर केलं, खाली केलं. कागदावर काही खरडलं, खोडलं. पुन्हा पाणी वर केलं. कपाळाला आठ्या घालून त्यानं पिशवी उलटसुलट पाहिली आणि शेवटी चष्मा काढला. ‘छे, हे शक्य नाही,’ तो म्हणाला. ‘हा आकडा पट्ट्याच्या पुष्कळच वर जातोय. बाईच्या शरीराला हे झेपणारंच नाही. नळीच्या कडेनं बाहेरची हवा आत शिरली असणार.’

‘नाय शिरली,’ प्रयागबाई म्हणाली. दम लागलेला होता, तरी स्पष्ट म्हणाली. ‘मी दातांत घट्ट धरली होती. बघा, दात उमटलेत रबरावर.’

डॉक्टरनं नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्याकडे बघून हसला, अगदी मायेनं हसला मेला. ‘तुमचा दोष नाही, बाई. बायकांना सवय नसते, नळी सुटतेच. दासगावलाही तेच झालं असणार, माझ्याच लक्षात यायला हवं होतं.’

‘मग पुन्यांदा लावा.’

‘आता कशाला उगीच तुम्हाला त्रास? तक्त्यातून कांडण काढूनच टाकतो. मूळ विषय आपला व्यायामाचा.’ त्यानं पेन्सिल घेतली आणि एक आडवी रेघ मारली. एवढंच. तेवढ्यानं ती गेली आणि दासगावची ती रुंद मनगटांची बाईही गेली, जिचं नावसुद्धा त्या कागदावर कधी नव्हतं. ‘तरी मी म्हटलंच,’ असं पंच म्हणाला. सयाजीनं उठून वस्तादाचे पाय धरले. कमी आलं असतं तर खरं धरणार होते, जास्त आलं म्हणून खोटं! तिला वाटलं, ओरडावं. ओरडून सांगावं काय आणि कुणाला? चंद्राबाई जवळ आली आणि तिच्या पाठीवरचे पट्टे सोडवायला लागली.

संध्याकाळपर्यंत महिपती पेठेत फिरून आला. सगळीकडे सांगून झालं होतं, यंत्र चुकलं, डॉक्टरनं स्वतः रेघ मारली. तो आला तेव्हा ती चुलीवरचं दूध उतरवत होती. त्यानं स्वतः लोटा घेतला, स्वतः भरला, आणि उंबऱ्यात बसला, कित्येक दिवसांत बसला नव्हता इतका सैल. ‘मधीच तुला काय चेव आला गो?’ तो म्हणाला. रागानं नव्हे, लाडानं. ‘येड्यागत कांडायला लागलीस. पण चांगलंच झालं. डॉक्टरला कळलं, बायकांचं माप धरायचंच नसतं. आता सगळ्यांना पटलंय, आपला हात राखलेला होता म्हणून.’ मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं लोटा तिच्यापुढं धरला. ‘घे. आज तू पण घोटभर घे. दमलीस.’

घोटभर! ती उभी होती ती उभीच राहिली. इतक्या वर्षांपूर्वी मागितलेला तो एक घोट आज आपण होऊन पुढं आला होता, आणि कशाबद्दल, तर तिचं कांडण पुसलं गेल्याबद्दल. तिला वाटलं होतं आपण संतापून काहीतरी बडबडू. तसं झालं नाही. आवाज अगदी नेहमीचा निघाला.

‘तुमी हात राखला नव्हता,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘पिशवी बांधली त्या दिवशी. पट्ट्याची शीळ वाजत होती. मी परसात होते. पुरा हात होता तुमचा, होता नव्हता तेवढा सगळा. आणि मी पण आज राखला नाय. पट्ट्याच्या वर गेलं ते माझंच गेलं.’

महिपतीनं लोटा खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही. बाहेर कुणी आहे का ते त्यानं मान वळवून पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या. मग खालच्या आवाजात, तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, ‘आणखी कुणाला ठावं हाय हे?’

‘तुमाला,’ ती म्हणाली.